वरण शिजेना, गिझर टिकेना

प्रश्न : काकू, लग्न होऊन पुण्याहून इंदूरला आले त्याला आठ महिने झाले. निपानियाला फ्लॅट आहे. बिल्डिंगच्या टाकीत बोरिंगचं आणि टँकरचं पाणी एकत्र येतं. नर्मदेचा नळ फक्त स्वयंपाकघरात, तोही एक दिवसाआड. तुरीची डाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी बोटाला लागते. केसांचा झाडू झालाय, नवा गिझर सात महिन्यांत गेला. परवा एक विक्रेता आला. त्याने आमच्या पाण्यात दोन दांड्यांचं यंत्र घातलं आणि वीज सोडली, तर पाणी दोन मिनिटांत तपकिरी. त्याने आणलेल्या बाटलीतलं मात्र तसंच स्वच्छ. सासूबाई इतक्या घाबरल्यात की आजच पूर्ण घराला सॉफ्टनर बसवा म्हणतात. काय करू?
– एक वाचक, निपानिया

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझी सूनही तुझ्याच वयाची आहे.

आधी ते तपकिरी पाणी. त्या यंत्रात लोखंडाची दांडी असते. वीज वाहिली की तिचं लोखंड पाण्यात उतरतं आणि गंजाचा साका धरतो. तुमच्या पाण्यात क्षार आहेत, म्हणून वीज छान वाहिली. त्याच्या बाटलीत आरओचं पाणी, क्षार जवळजवळ नाहीतच, मग वीज वाहणार कशी? म्हणजे सासूबाईंनी पाहिली ती घाण दांडीची होती, पाण्याची नव्हे. पुन्हा आला तर त्याच्याच बाटलीत चिमूटभर मीठ टाकायला सांग आणि त्याचं तोंड बघ. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. हाच प्रयोग आम्ही फुकट दाखवायचो.

पाणी जड आहे हे मात्र खरं. माळव्याची जमीन म्हणजे काळा पत्थर. त्याच्या भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच बोरिंगमध्ये येतं. १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी इंदुरात आलं, साधारण सत्तर किलोमीटर आणि वर विंध्याचा घाट चढून. तेव्हापासून इथल्या बायका दोन पाणी वेगळी ठेवतात. आमच्या लोकमान्यनगरातल्या घरी सासूबाईंचा दंडक होता : पितळी घागर नर्मदेची, प्लास्टिकचा ड्रम बोरिंगचा. ड्रममधला तांब्या घागरीत बुडवला की घरात रामायण.

तुझ्या डाळीचं उत्तर त्या घागरीत आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं, जड पाण्यातला कॅल्शियम ते आणखी घट्ट करतो. मग शिट्ट्या मोजत बस. डाळ नर्मदेच्या पाण्यात तासभर भिजव, त्याच पाण्यात शिजव. आमसूल किंवा चिंच डाळ मऊ झाल्यावरच घाल, आंबटानेही ती कडक राहते. नळ आला नसेल तर आरओचं पाणी घे. चिमूटभर सोड्याने काम होतं, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं आणि वरणाला साबणाची चव येते. रोज नको.

गिझरच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. कॉइल जळाली म्हणून मिस्त्रीने टाकी उघडली, तर आतून पांढऱ्या पापुद्र्यांचा ढीग परातीत पडला, फुटक्या अंड्यांच्या टरफलांसारखा. त्यावर लिंबू पिळलं, तर फसफसलं. पाणी तापलं की विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर बसतो. उष्णता पाण्यात जाईना, कॉइल स्वतःच तापून जळते. तेव्हापासून तापमानाची चावी पन्नासच्या आसपास ठेवते आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईत, टाकी उघडून घेते. आतली मॅग्नेशियमची दांडीही तेव्हाच बघायला सांग. ती झिजली की टाकी गंजायला लागते.

नळांवरचे आणि स्टीलच्या पेल्यांवरचे डाग लिंबूसत्वाच्या कोमट पाण्याने जातात. फक्त ते कोटा फरशीवर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नकोस. दोन्ही चुन्याच्याच जातीचे, फरशीलाच चट्टे पडतील. आमच्या मोरीच्या उंबऱ्यावर माझ्या शहाणपणाची खूण अजून आहे. केसांना साबण लावू नकोस, जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. शांपूने धू आणि शेवटचा तांब्या नर्मदेचा.

आता सॉफ्टनर. यंत्र खोटं नाही. त्यातली राळ कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते, बदल्यात सोडियम सोडते आणि अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावी लागते. पण तुमचं पाणी सगळ्या बिल्डिंगचं एकच आहे, मग तू एकटीने का खर्च करावा? सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढ. त्याआधी लॅबमधून तपासणी करून घे आणि कागदावर ‘टोटल हार्डनेस’ लिहून माग, नुसता टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा, नको. त्याचा तो पेनसारखा मीटर सगळेच क्षार एकत्र मोजतो, जडपणा वेगळा सांगत नाही. आपल्याकडच्या मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतात. आकडा तीनशेच्या आत आला तर मी सॉफ्टनर घेणार नाही, घागर घेईन. सहाशेच्या वर गेला तर बिल्डिंगने मिळून बसवावं, स्वयंपाकाची आणि कुंड्यांची लाईन वगळून. झाडांना सोडियम सोसत नाही, ब्लडप्रेशरवाल्यांनाही तो जास्त नको.

आणि तुरटी फिरवू नकोस. कुणीतरी सांगेलच. ती गाळ बसवते, विरघळलेला चुना नाही.

प्रश्न : बोरिंगच्या पाण्याने मुतखडा होतो का? आमचे आजोबा त्या भीतीने पाणीच कमी पितात.
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : मग खडा आजोबा स्वतःच बोलावतायत. पाणी कमी पिणं हे खड्याचं ठरलेलं कारण आहे. जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. आधी खडा झालेला असेल तर डॉक्टर सांगतील तसं. नाहीतर चवीमुळे टाळत असतील, तर नर्मदेचं पाणी भरलेला माठ त्यांच्या खाटेजवळ ठेवा, स्वयंपाकघरात नको. रात्री उठून तिथवर कोण जातं?