वाचकांचे प्रश्न : शेवटच्या आजारपणाचं इच्छापत्र

प्रश्न : आई वृद्धाश्रमात आहे. शेवटी व्हेंटिलेटर नको म्हणते. तोंडी सांगणं पुरेल?

उत्तर : नाही, लिहूनच ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. आईच्या वतीने कोण बोलणार, त्यांची नावं लिहा, शक्यतो दोन. अशा इच्छापत्राची प्रत सांभाळणारे अधिकारी महाराष्ट्रात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. डॉक्टरांनी असा आग्रह धरायलाच हवा.

घोळ होतो तो रात्री. कागद मुलाच्या कपाटात, इकडे आया घाबरून रुग्णवाहिका बोलावते आणि घशात नळी टाकली जाते. म्हणून एक प्रत आश्रमातल्या फाइलच्या पहिल्याच पानावर लावा. रुग्णालयात तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवावेत का यावर, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत देतात. वेदनाशामक औषधं मात्र थांबत नाहीत, हे आईला नक्की सांगा.