आईच्या स्तनाच्या कर्करोगासाठी मायक्रोआरएनए चाचणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या गाठीच्या बायोप्सीत ईआर (इस्ट्रोजेन संप्रेरकाला प्रतिसाद देणारं प्रथिन) पॉझिटिव्ह आणि हर-टू (पेशीवरचं, वाढीचा निरोप घेणारं प्रथिन) 'टू प्लस' आलं. फोंड्यातल्या एका ओळखीच्यांनी सुचवलं की रक्तातले मायक्रोआरएनए तपासले तर रोग पुढे कसा वागेल ते कळतं. चाचणी महाग आहे, तर करावी का, असा प्रश्न.

माझं उत्तर: आत्ता नको. ते पैसे लागलेच तर आधी हर-टूच्या फिश चाचणीला लावा. मी गोवा विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकले, काही वर्षं याच रेणूंवर काम केलं. त्यांच्याबद्दल मला जिव्हाळा आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर घाबरलेल्या माणसांकडून पैसे काढलेले बघवत नाहीत.

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. तो दुसऱ्या जनुकाच्या निरोपाला चिकटतो आणि त्याचं प्रथिन बनणं रोखतो. पहिला १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत सापडला आणि त्यासाठी अँब्रोस आणि रुव्हकुन या शास्त्रज्ञांना २०२४ चं नोबेल मिळालं.

कर्करोगात त्यांचं काय काम, हे समजायला गोव्यातल्या झुआरी नदीकाठची खाजनं, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतची सखल शेतं, डोळ्यांसमोर आणा. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो. पेशीत वाढीचा संकेत पीआयथ्रीके-एकेटी या मार्गाने आत येतो आणि पीटेन नावाचं प्रथिन बांधासारखं त्याला आवर घालतं. मिर-२१ हा मायक्रोआरएनए वाढला की पीटेन कमी बनतं. बांध एका रात्रीत फुटत नाही, कुर्ल्यांनी पोखरल्यासारखा झिरपायला लागतो. मग बाहेरून फारसा हुकूम नसतानाही पेशी वाढत राहते, मरायची ती मरत नाही. स्तन, फुप्फुस, मोठं आतडं अशा कितीतरी कर्करोगांत मिर-२१ चढलेलं दिसतं, आणि बऱ्याच अभ्यासांत ते जास्त असलेल्या रुग्णांचं आयुर्मान कमी भरलं. लेट-७ या दुसऱ्या मायक्रोआरएनएचं उलट: तो रास या वाढीच्या जनुकाला दाबतो, म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगात तो कमी झालेला वाईट.

म्हणजे विज्ञान खरं आहे. पण हे शेकडो रुग्णांच्या गटाबद्दलचं सत्य आहे, त्यावरून एकट्या आईबद्दल काही ठरवता येत नाही. मिर-२१ हृदयविकारात आणि नुसत्या सुजेतही वाढतं. शिवाय रक्ताचा नमुना फार हळवा असतो. आमचे काही नमुने पावसाळ्यात वाटेत रखडले, आले तेव्हा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, गुलाबी झालेला. तांबड्या पेशी फुटून त्यांच्यातलं मिर-४५१ आणि मिर-१६ बाहेर आलं होतं. आकडे भलतेच चढले. रोगाचा त्यात काही संबंध नव्हता. तो अख्खा गठ्ठा आम्ही बाद केला. तुमच्या आईचा नमुना असा निघाला तर कोण बाद करणार?

आता हर-टूकडे या. तोही संकेतमार्गाचाच दर्शक आहे, पेशीच्या अंगावरचा, वाढीचा निरोप आत पोचवणारा. एकेकाळी हर-टू पॉझिटिव्ह आलं की डॉक्टरांचे चेहरे पडत. १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि त्याच रिपोर्टचा अर्थ बदलला: रोग आक्रमक, पण त्याच्यावर नेम धरता येतो. मायक्रोआरएनएच्या आकड्यावरून आईचं एकही औषध आज बदलणार नाही. हर-टूच्या निकालावरून बदलेल.

'टू प्लस' म्हणजे अधांतरी, हो नाही की नाही नाही. म्हणून फिश करतात. त्यात हर-टू जनुकाच्या प्रती पेशीत वाढल्यात का ते मोजतात. बहुतेक वेळा पुन्हा सुई टोचावी लागत नाही, बायोप्सीच्या मेणाच्या ब्लॉकवरच होतं. लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, ते तुमच्याच आईचे आहेत. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवणार असाल तर सोबत न्या, आणि डॉक्टरांना विचारा: काखेतल्या गाठींत रोग पोचलाय का, ग्रेड (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात) किती, केआय-६७ (किती पेशी वाढीच्या घाईत आहेत त्याचा आकडा) किती. पुढचा अंदाज आज या गोष्टींवरूनच बांधतात.

फिशचा निकाल आला की इथेच लिहा. वाचून त्यातला शब्द न् शब्द उलगडून सांगेन. आईंना माझा नमस्कार सांगा.