मशीनची भीती घालवून द्या म्हणतात, पण आधी मशीन कसं आहे ते सांगा

मागच्या आठवड्यात एका ताईंनी विचारलं, नवरा आठ वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर काम करतोय, पण हल्ली मशीनसमोर उभं राहिलं की त्याचे हातपाय गळतात, घरी आला की चिडचिड, याला समुपदेशनाने फरक पडेल का. पडेल की. पण ताई, आधी एका मुलाची गोष्ट ऐका, कारण त्याच्या बाबतीत मी स्वतः माती खाल्ली होती.

त्याला सोपान म्हणू. लातूरकडचा, वय २४, चाकणला चाळीसेक माणसांच्या वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडून लागलेला. गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प असले पत्र्याचे पार्ट पॉवर प्रेसवर मारायचे, बारा तासांची शिफ्ट. घेऊन आले त्याचे दाजी. म्हणाले, "मॅडम, पोरगं भित्रं झालंय, जरा धीर द्या, नोकरी सुटली तर गावाकडं कोण बघणार."

झालं असं होतं की दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या प्रेसवरच्या मित्राची दोन बोटं गेली. बाकीचे आरडाओरडा करत होते, सोपानने बोटं उचलली, पळत जाऊन गेटबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला आणि त्यात टाकली. हॉस्पिटलात सांगितलं, जोडता येणार नाहीत. तिथेच कुणीतरी म्हणालं की बोटं डायरेक्ट बर्फात नसतात टाकायची. बास, तेव्हापासून याच्या डोक्यात पक्कं बसलं की मित्राची बोटं मीच घालवली. झोप नाही, शेजारी कुणी काही आपटलं तरी दचकून उठायचा.

मी काय केलं? पुस्तकातलं केलं. दोन सेशन श्वासाचे व्यायाम, मन शांत कसं करायचं वगैरे. तिसऱ्या वेळी आला तर चेहरा जरा बरा होता. म्हणाला, "फरक पडला मॅडम, आता प्रेससमोर डोळे मिटून पाच श्वास घेतो आन् मग हात घालतो."

माझ्या पोटात गोळाच आला. कुठे हात घालतोस रे? तर म्हणे डायमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यात, पीस काढायला, प्रेसच्या दर स्ट्रोकला, दर फटक्याला.

म्हणजे त्याचं शरीर ओरडून सांगत होतं की इथे हात घालू नकोस, आणि मी फी घेऊन त्याला ते ऐकू न येण्याची प्रॅक्टिस देत होते.

त्या दिवशी मी मनाबद्दल एक शब्द बोलले नाही. कागद पुढे सरकवला, म्हटलं तुझं मशीन काढून दाखव. त्याने फार छान काढलं. वर मोठं चाक म्हणजे फ्लायव्हील, ते फिरतच असतं. पायाने पेडल दाबलं की आतली पिन अडकते, रॅम म्हणजे वरचा जड ठोकळा खाली येतो, पत्रा कापतो, वर जातो. जुन्या पिन क्लचच्या प्रेसला एकदा स्ट्रोक सुटला की मध्येच थांबवता येत नाही. आणि पिन, स्प्रिंग झिजली किंवा ब्रेक ढिला झाला की प्रेस "डबल मारतो", म्हणजे पेडल न दाबताच रॅम पुन्हा खाली. नेमका तेव्हा हात आत. मित्राचं तसंच झालं होतं. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं, कामगाराचं लक्ष नव्हतं!

मी विचारलं, मग कंपनीने काय केलं? हातमोजे दिले. आणि ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेतली. आता टनाटनाच्या जोराने रॅम खाली येतो तिथे कापडी हातमोजा काय करणार, तो पत्र्याच्या धारेपासून वाचवतो इतकंच.

माझा मावसभाऊ टूलरूममध्ये, म्हणजे डाय बनवतात तिथे आहे, त्याला फोन लावला. मला वाटत होतं हात आत गेला की ओळखणारा सेन्सर बसवला की प्रश्न मिटला. तो म्हणाला, अगं सेन्सर सांगेल थांब, पण पिन क्लच मध्येच थांबत नाही ना, मग काय उपयोग? तिथे हात आत जाण्याची गरजच संपवायची. पत्रा बाहेरून सरकवायचा, पीस आपोआप घसरून खाली पडेल अशी डाय करायची, समोर फिक्स गार्ड लावायचा ज्यातून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. ते होईपर्यंत पीस काढायला निदान चिमटा किंवा मॅग्नेट. दोन हातांची बटणं पण ठेवायची (सोपानकडे ती होती, पण पेडलवर माल जास्त निघतो म्हणून काढून टाकलेली), फक्त डबल मारणाऱ्या प्रेसला तीही पुरत नाहीत. त्यामुळे डबल मारला की मशीन बंद, दुरुस्त होईपर्यंत बंदच. हातमोजे, पोस्टर, शपथ हे सगळं त्यानंतर.

पण हे मालकाला सांगणार कोण? ठेकेदाराच्या पोराने तोंड उघडलं की गेट बंद, ही भीती पण खरीच. म्हणून त्याला एकट्याने भांडायला पाठवलं नाही. चार ऑपरेटरांनी मिळून रोज शिफ्टच्या रजिस्टरमध्ये एकच ओळ लिहायची ठरवली, तारीख, प्रेस नंबर, इतक्या वाजता डबल मारला. तक्रार नाही, नुसती नोंद. तेव्हाच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम २१ मशीनला गार्ड लावायचं होतं, आणि भोपाळनंतर १९८७ मध्ये १११-अ आलं, त्याने कामगाराला सुरक्षेची माहिती मागायचा आणि थेट इन्स्पेक्टरकडे जायचा हक्क दिला. हे सुपरवायझरला माहीत असतं. लेखी नोंद दिसायला लागली की आवाज खाली येतो.

आणि बोटांचं? ते मी सोडलं नाही. ओळखीच्या हॅन्ड सर्जनना विचारलं. ते म्हणाले, बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, ही पद्धत बरोबर. पण प्रेसखाली बोट नुसतं कापलं जात नाही, चेंगरतं, रक्तवाहिन्याच चिरडतात, तेव्हा पुष्कळदा नीट आणलं तरी जोडता येत नाही. मी सोपानला दोन्ही सांगितलं, बर्फाचं चुकलं हे लपवलं नाही. खूप रडला. मग पहिल्यांदाच मित्राला भेटायला गेला. तोवर टाळत होता. मित्र म्हणाला, "येड्या, बाकीचे तर बघत उभे होते." झोप त्यानंतर हळूहळू लागायला लागली, तरी दोन-तीन महिने गेलेच.

तर ताई, नवऱ्याला जरूर घेऊन या, झोप उडाली असेल, तेच तेच दिसत असेल तर उशीर नको. पण येताना मोबाईलवर मशीनचा फोटो आणायला सांगा, आणि घरी "इतकी वर्षं नाही घाबरलात, आत्ताच काय झालं" असं बोलू नका, उलट खरंच विचारा, आत्ताच काय झालं. मशीन जुनं झालं, गार्ड काढला, टार्गेट वाढलं, काहीतरी निघेल.

सोपानचा अजून मेसेज येतो. प्रेसची पिन आणि ब्रेक दोन्ही बदलले. मग एक दिवस फोटो आला, समोर जाळीचा पिवळा गार्ड, खाली लिहिलेलं, "मॅडम गार्ड बसला, पण चार बोल्टपैकी दोनच लावलेत."

मी लिहिलं, उरलेले दोन कुठे आहेत विचार.

उत्तर आलं, "रजिस्टरला लिहिलंय."