आजोबांची बाटली नातीला चालेल का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमच्या आबांना (वय 67) बीपी आहे, प्रोस्टेटही वाढलेलं आहे. दसऱ्याला बीपीसाठी रॅमिप्रिल सुरू झाली आणि दिवाळीपासून कोरडा खोकला लागला. सोयाबीनच्या मळणीची धूळ बाधली असेल म्हणून मेडिकलमधून बाटली आणली. तिच्यावर क्लोरफेनिरामाइन, फिनायलेफ्रिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असं लिहिलंय. परवापासून त्यांना लघवी नीट होत नाही. माझ्या तीन वर्षांच्या मुलीला ओला खोकला आहे. तिला याच बाटलीतलं अर्धा चमचा देऊ का?
– एक गृहिणी, वसमत

उत्तर : ताई, मुलीला थेंबभरही देऊ नका आणि आबांचंही आजच बंद करा. लघवी तुंबली, ओटीपोट फुगलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

बाटलीवरचं बारीक अक्षर तुम्ही वाचलंत, फार बरं केलंत. क्लोरफेनिरामाइन वाहतं नाक सुकवतं, झोप आणतं. पण प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवतं. काचबिंदू असेल तरी ते नको. फिनायलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवून चोंदलेलं नाक मोकळं करतं. त्यानं बीपी वाढतं आणि लघवीची वाटही आवळते. म्हणजे आबांना दोन्हीकडून त्रास. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळ दाबतं. ते कोरड्या ठसक्यासाठी. कफ बाहेर पडायला हवा तिथे खोकला दाबून चालत नाही. कफ पातळ करणारी अ‍ॅम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्झिन ही औषधं वेगळी. साल्ब्युटामॉल श्वासनलिका रुंदावतं, ते दम्यासाठी. त्यानं धडधडतं, म्हणून हृदयविकार असेल तर जपून.

आबांच्या बाबतीत माझा संशय धुळीपेक्षा गोळीवर आहे. रॅमिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी काहींना असाच कोरडा खोकला लागतो आणि तो सिरपनं जात नाही. डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, मनानं बंद करू नका. बदलल्यावरही खोकला जायला काही आठवडे लागतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, तेव्हा टीबी (क्षय) नाही ना, यासाठी सरकारी दवाखान्यात थुंकीही तपासून घ्या. तिथे पैसे लागत नाहीत.

आता मुलीचं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनायलेफ्रिनचं हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच सांगितलंय. 2025 मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपनं लेकरं दगावली, तेव्हा केंद्रानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं औषध नकोच, पाच वर्षांखालीही सहसा नको. तिला कोमट पाणी पाजा, झोपताना अर्धा चमचा मध द्या (वर्षाखालच्या बाळाला मात्र मध नाही). ती शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. 40 किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असला किंवा ती खाईना-पिईना, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.