सगळं वाचून झालं की लिहीन

"मॅडम, तुम्ही फक्त एवढं सांगा, सोडू की नको?"

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्या वेळा कानावर पडलाय की फोनवर 'पीएचडी' हा शब्द आला की पुढचं मला पाठ असतं. विषय रसायनशास्त्र असो नाहीतर इतिहास. माणूस तिशीच्या अलीकडे-पलीकडे, हुशार, घरच्यांच्या आधी अभिमानाचा आणि आता जरा चेष्टेचा विषय झालेलं. कोर्सवर्क कधीच संपलेलं. लग्नकार्यात "झालं का गं तुझं ते?" विचारणाऱ्या आत्या-मावश्या टाळत पंगतीच्या टोकाला बसणारं. पुण्यात तर दर सोसायटीत असं एक जण सापडेल.

त्यांतल्या एकीबद्दल लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. प्रबंधाचं शीर्षक सांगणार नाही, गाभा सांगेन, तोही तिला विचारून.

तिला इरा म्हणू. वय ३४, सेट ही राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा झालेली, एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणारी. पीएचडी तौलनिक साहित्यात, मराठी आणि बंगाली बायकांच्या आत्मचरित्रांवर. नोंदणीला पाच वर्षं झालेली. जूनमधल्या एका दुपारी ओला रेनकोट दाराबाहेर झटकून ती आत आली आणि खुर्चीत नीट टेकायच्या आत वरचा प्रश्न विचारून मोकळी झाली.

मी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मी विचारलं, "शेवटचं लिहिलंस कधी?"

"दिवाळीत."

"आणि वाचलंस?"

"आज सकाळी."

माझं अर्धं निदान तिथेच झालं होतं. तरीही पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल केलेलं बरं. मी तिला वेळापत्रक आखून दिलं: पहाटे ५ ते ७ लेखन, फोन दुसऱ्या खोलीत. तिनं ते तंतोतंत पाळलं. रोज पाचला उठून सातपर्यंत ती वाचत बसली. हातात पुस्तक धरून रखडणाऱ्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाही आणि तो स्वतःलाही म्हणत नाही, म्हणून हा आजार लवकर लक्षात येत नाही.

तिसऱ्या भेटीत तिनं 'वाचायचंय' नावाची यादी दाखवली. नोंदणीच्या वेळी ९० नोंदी होत्या, आता १८७. फोनमध्ये पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात काढलेले पानांचे हजारावर फोटो. आणि लॅपटॉपवर एक फाइल, नाव 'प्रकरण २ अंतिम नवीन ७'. आत सव्वा पान.

तौलनिक साहित्याचं एक दुखणं वेगळं असतं, ते मला तिच्यामुळे कळलं. मराठीवाल्यांना वाटतं ही इंग्रजीकडची, इंग्रजीवाल्यांना वाटतं ही मराठीकडची. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला 'तौलनिक साहित्य' हा स्वतंत्र विषय आहे, पण कॉलेजांच्या जाहिराती निघतात त्या मराठी, हिंदी, इंग्रजी अशा. त्यात दोन भाषा घ्यायच्या म्हणजे दोन्हीकडचे जाणकार मानगुटीवर. जाधवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी १९५६ साली या विषयाचा देशातला पहिला विभाग सुरू केला. इरा एका चर्चासत्रासाठी तिकडे जाऊन आली आणि आणखीच खचली. "तिथली मुलं बंगालीतच स्वप्नं बघतात, मॅडम. मी तिशीत बाराखडी गिरवली."

मी साहित्याची विद्यार्थिनी नव्हे. अज्ञानाचा कधीकधी उपयोग होतो, तसा मी केला. म्हटलं, "मला काही कळत नाही असं समज आणि सांग, या प्रबंधात आहे तरी काय?"

ती सांगायला लागली. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधली राससुंदरी देवी. बाईनं वाचायचं नाही अशा घरातली. तिनं चैतन्य भागवताचं एक पान पोथीतून काढून स्वयंपाकघरात लपवलं. मुलगा अक्षरं गिरवायचा, त्याचं एक ताडपत्र मिळवलं, आणि रांधता-वाढता सापडेल त्या फटीत त्या दोहोंतली अक्षरं ती जुळवत राहिली. मग इरा आपल्याकडे वळली. रमाबाई रानडे. १९१० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. त्यांना शिकवायला नवरा होता, तरी घरातल्या बायकांचा रोष होताच. भांडी घासताना हाती लागलेला इंग्रजी वर्तमानपत्राचा कपटा त्या वाचत बसल्या, त्यावरून घरात केवढं झालं.

"बघा ना," इरा खुर्चीच्या कडेवर आली होती, "एक चुलीपाशी, एक मोरीपाशी. दोघींच्या हातात फाटका कागद. पण एकीला तो कुणी बघू नये म्हणून लपवायचाय आणि दुसरीला नवऱ्यानं शिकवलंय म्हणून तो घरच्या बायकांच्या देखत वाचता येतोय, आणि ते जास्त महाग पडतंय. चोरून शिकणं आणि परवानगीनं शिकणं यात जास्त एकटी कोण, हा माझा प्रश्न आहे."

वीस मिनिटं ती बोलत होती. मधे बाहेर कुणीतरी स्कूटर लावण्यावरून भांडत होतं, तेही तिला ऐकू आलं नसावं.

"हे लिहिलंस कुठे?"

चेहरा झाकोळला. "नाही हो. आधी त्या काळातल्या स्त्रीशिक्षणावरचं सगळं वाचलंच पाहिजे. बंगाली संदर्भ मुळातूनच बघायला हवेत. हे कुणीतरी आधी म्हटलेलं असणारच. आणि सरांकडे जायचं तर पूर्ण प्रकरण घेऊनच."

मी समोरच्या पाकिटाच्या मागे तिची वाक्यं लिहून घेतली आणि प्रत्येक 'च'भोवती पेनानं गोल काढला. पाकीट तिच्याकडे सरकवलं. चार गोल.

इथे माझा थोडा कल सांगून टाकते. मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत सांगते की आपल्याला छळतात ते प्रसंग कमी आणि त्यांच्याविषयीचे आपले हट्ट जास्त. एलिस इंग्रजीतल्या 'मस्ट' या शब्दामागे हात धुऊन लागले होते. आपल्या मराठीनं ते सगळं काम एका अक्षरावर सोपवलंय. इच्छेला 'च' लावला की तिची सक्ती होते, आणि तो वाक्यात इतका गुपचूप बसतो की बोलणाऱ्याला पत्ता नसतो. बरीच वर्षं लोकांचे 'च' वेचते आहे. या छोट्या शोधाचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

इरा पाकिटाकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली ते भलतंच. "बंगालीत याला 'इ' म्हणतात."

"म्हणजे?"

"'पोडते होबे' म्हणजे वाचलं पाहिजे. 'पोडतेइ होबे' म्हणजे वाचलंच पाहिजे. तसाच शब्दाला चिकटतो." मग माझ्या हातातलं पेन जवळपास ओढूनच घेतलं आणि चारही वाक्यं तिनं 'च' गाळून पुन्हा लिहिली. 'सगळं वाचलं पाहिजे' यावर थांबली. "हे अजूनही खोटं वाटतंय." 'सगळं' खोडलं. 'वाचलं तर बरं' केलं. मी गप्प बसून होते. माणूस स्वतःच्या वाक्याची दुरुस्ती करत असताना समुपदेशकानं तोंड उघडू नये, हे शिकायला मला निम्मी कारकीर्द लागली.

तिनं पेन ठेवल्यावर मी एकच विचारलं. "राससुंदरीकडे किती पानं होती?"

"एक." बराच वेळ गेला. मग म्हणाली, "पण तिला परीक्षक नव्हते, मॅडम."

"नव्हते? घरभर होते की."

तेव्हा ती हसली. माझ्या खोलीत पहिल्यांदा.

हे हसणं आलं म्हणजे काम झालं, असं कुणी समजू नये. यानंतर आम्ही आणखी सहा वेळा भेटलो, पण त्या भेटी कंटाळवाण्या होत्या आणि तशाच असायला हव्यात. त्यात काय केलं ते सांगते, कारण ते कुणालाही करता येईल.

आधी तिला नोंदणीचं पत्र शोधून आणायला लावलं. सहा वर्षं भरली की सगळं संपणारच, हे ती धरून बसली होती. तिला लागू असलेल्या २०१६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत कमाल मुदत सहा वर्षं आहे, पण स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. पाच वर्षांत तिनं ते वाचलं नव्हतं, १८७ पुस्तकांच्या यादीत हे एक पत्र तेवढं नव्हतं! नंतर नोंदणी झालेल्यांसाठी २०२२ चे नियम आहेत: किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणीनं आणखी दोन, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन. बाळंतपण-बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय म्हणतो ते कचेरीत विचारून घ्या. भीतीला खरी तारीख दाखवली की ती जरा आवरून बसते.

नोकरीचंही तसंच. "पीएचडी नसेल तर प्राध्यापकी नाहीच," हा दुसरा लाडका 'च'. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. निवडीच्या वेळी ती वजनदार ठरते हे खरं, सीएचबीवर वर्षानुवर्षं काढणाऱ्यांना मी खोटा दिलासा देणार नाही. पण 'वजनदार' आणि 'नाहीच' यांत एक अख्खं आयुष्य मावतं.

सगळ्यात अवघड गेला तो मार्गदर्शकांना मेसेज. सात महिने ती त्यांना टाळत होती. फेब्रुवारीत त्यांनी "कसं चाललंय?" विचारलेलं, हिनं वाचून ठेवून दिलेलं. विभागाच्या जिन्यावर त्यांचा आवाज आला की ही प्रसाधनगृहात. हे मी दर दुसऱ्या पीएचडीवाल्याकडून ऐकते. पूर्ण झाल्यावर दाखवू म्हणतात, आणि दाखवत नाहीत म्हणून पूर्ण होत नाही. आम्ही खोलीतच तीन ओळी लिहिल्या. माफी एकदाच मागायची, कारणं द्यायची नाहीत, आणि जे आहे ते आणू का हे विचारायचं. पाठवताना तिचा अंगठा थरथरत होता. चार मिनिटांत उत्तर आलं: "बरं. आहे ते घेऊन ये. गुरुवारी."

गुरुवारी ती राससुंदरी आणि रमाबाईंच्या फाटक्या कागदांविषयीचं टिपण घेऊन गेली, साडेतीन पानं. ती मी तिच्याकडून एका बैठकीत लिहून घेतली होती, समोर एकही पुस्तक न ठेवता. आठवत नसेल तिथे चौकोन काढायचा आणि पुढे जायचं. चौकोन नंतर जयकरमध्ये जाऊन भरायचे. हे वाचण्याच्या विरुद्ध नाही, वाचायला कारण मिळतं एवढंच. यादी आम्ही फाडली नाही. तिच्यावर 'प्रबंधानंतर' असं लिहून ती कपाटात गेली, त्यातल्या २६ नोंदी तेवढ्या बाहेर राहिल्या.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. मार्गदर्शक छळत असेल, घरची कामं सांगत असेल, अंगचटीला येत असेल, तर स्वतःच्या वाक्यात 'च' शोधत बसू नका. तिथे दोष तुमच्या विचारात नाही. लेखी तक्रार करा, मार्गदर्शक बदलून मागा. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर माझ्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि सोडण्याबद्दल. माझ्याकडे आलेल्यांपैकी काहींनी पीएचडी सोडली. एक जण आता शाळेत शिकवतो आणि मजेत आहे. त्याचाही 'च' आधी काढला होता, मगच त्यानं ठरवलं. हट्टाच्या भरात धरलेलं आणि भीतीच्या भरात सोडलेलं, दोन्ही पुढे पाठ सोडत नाही. म्हणून इरानं पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं. तिनंही तो पुन्हा विचारला नाही.

प्रबंध अजून झालेला नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. दुसरं प्रकरण, ३८ पानं, सरांकडून लाल शाईनं माखून परत आलं होतं. मी जरा सावधपणे विचारलं, काय म्हणाले?

"बाकी ठीक. एकोणिसाव्या पानावर समासात लिहिलंय, 'इथे आधार दिलाच पाहिजे'."

"मग?"

"दिला. दोन दिवस गेले शोधण्यात. हा 'च' बरोबर आहे, मॅडम, हा नाही काढता येत."