‘निकालाला स्थगिती’ म्हणजे नक्की कशाला?

प्रश्न असा आला आहे: जुलै २०२५ मध्ये मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात ‘हायकोर्टाच्या निकालाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती’ अशी बातमी होती. तरी सुटलेले आरोपी तुरुंगात परत गेले नाहीत. मग ‘स्थगिती’ हा शब्द चुकला का? आणि स्थगित, तहकूब, रद्द यांत फरक काय?

शब्द बरोबर आहे, वाक्य अपुरं आहे. मराठीत स्थगिती नेहमी ‘कशाला तरी’ मिळते आणि ते ‘कशाला’ मथळ्यात गाळलं की वाचक गोंधळतो. या खटल्यात विशेष मोक्का न्यायालयाने (मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार अपिलात गेलं. या निकालातल्या निरीक्षणांचा मोक्काच्या इतर खटल्यांवर परिणाम होईल, ही सरकारची चिंता होती. सुटलेल्यांना परत आत टाका, अशी मागणीच नव्हती. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, असं सांगून तेवढ्यापुरती स्थगिती दिली. बातमीतून नेमका हा ‘तेवढ्यापुरती’ गळाला, आणि माझ्या मते सगळा अर्थ त्या एका शब्दात होता.

याहून ठळक उदाहरण राहुल गांधींच्या मानहानी खटल्याचं. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्याच दिवशी खासदारकी गेली. पुढे सत्र न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली, तरी खासदारकी परत आली नाही. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवण्यालाच, स्थगिती दिली, तेव्हा ती आली. शिक्षेला की दोषसिद्धीला, एवढ्यावर लोकसभेतली जागा अवलंबून होती.

‘रद्द’ची गोष्ट वेगळी. आदेश रद्द झाला की तो निघण्याआधी जी स्थिती होती ती परत येते. स्थगित झालेला आदेश मात्र पुसला जात नाही. स्थगितीच्या दिवसापासून त्याचा अंमल थांबतो, इतकंच. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात स्पष्ट केला आहे. संस्कृतात ‘स्थग्’ धातूचा अर्थ झाकणे, लपवणे असा आहे (‘ठग’ही याच कुळातला), आणि कायद्यातला अर्थ त्याच्याशी किती जुळतो बघा: आदेश झाकला जातो, स्थगिती उठली की पुन्हा लागू होतो. कोर्टाच्या आवारात पक्षकार ‘स्टे आणला’, ‘स्टे उठला’ म्हणतात, त्यातही हेच आहे.

‘तहकूब’ होते ती सुनावणी, सभा किंवा कामकाज. निकाल तहकूब होत नाही. पुढची तारीख पडली तर ‘सुनावणी तहकूब’ लिहावं. अशा वेळी ‘खटल्याला स्थगिती’ लिहिलं तर खटला चालवणंच वरच्या न्यायालयाने थांबवलं, असा भलताच अर्थ होतो.

तुम्ही वाचलेला मथळा मी असा केला असता: ‘निकालाचा दाखला देण्यास मनाई, सुटका कायम’.