नेमबाजी : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी क्लबच्या .२२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाने २५ मीटर खेळते. नवी लाकडी ग्रिप (मूठ) बसवून घेतली, पण गोळ्या डावीकडे जातात. आता स्प्रिंगही जास्त कडक घालावी का?

उत्तर : अगं, स्प्रिंगला हात लावू नकोस! मी एकदा हौसेने कडक रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, पुन्हा पुढे ढकलणारी) घालून घेतली होती. आपली स्पर्धेची काडतुसं सौम्य. स्लाइड पुरती मागेच जाईना आणि रिकामी पुंगळी दर दोन-तीन फैरींनंतर अडकायची. आठवड्याने जुनी स्प्रिंग परत.

तुझा घोटाळा ग्रिपमध्ये असावा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री कर, मॅगझिन काढ. डोळे मिटून हात लक्ष्याकडे उचल, मग डोळे उघड. समोरची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) मागच्या खाचेत डावीकडे दिसली, तर ग्रिप मनगट वळवतेय. हाताला खडूची पूड लावून ग्रिप पकड. पूड जिथे दाट उमटेल तिथे काचकागद फिरव, अगदी थोडा. जिथे उमटणारच नाही तिथे लाकडाची पुट्टी. माझ्या पहिल्या ग्रिपला हे करायला दोन महिने लागले, आणि आईने ओट्यावरच्या भुशावरून रोज बोलणी दिली.

पुट्टी लिंपताना जाडी विसरू नकोस : पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं. ट्रिगरचं काम मात्र क्लबच्या आर्मररकडेच, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडेच. ट्रिगरला टांगलेलं १००० ग्रॅमचं वजन त्याने न सुटता उचललं नाही, तर स्पर्धेआधीच्या तपासणीतच अडवतील.